बाईचा बडग्या

शामला घोरमाडे माईकसमोर स्वतः कधी हसली नाही. शेवटचा शब्द टाकायचा, तोंड वीतभर मागे घ्यायचं आणि गप्प राहायचं, ही तिची रीत. लोक त्या गप्प राहण्याला हसायचे.

ही रीत ती सावनेरला, लग्नाच्या मांडवात शिकली. मुलीकडच्या बायका विहिणीची थट्टा करणारी ठरलेली गाणी म्हणायच्या. शामला गाणी म्हणत नसे. ती आधी विहिणीला नीट बघून घ्यायची. घास कसा चावते, पदर कसा सावरते, नवऱ्याला हाक कशी मारते. मग पंगतीसमोर उभी राहून तीच विहीण करून दाखवायची. एका लग्नात विहीण ताटावरून रडत उठली. आईने शामलाला कोठीच्या खोलीत नेऊन बदडलं. शामला बाहेर आली आणि बदडणाऱ्या आईची नक्कल केली. मांडव पुन्हा हसला.

रुपराव घोरमाडेंशी लग्न होऊन ती नागपुरात, नंदनवन वस्तीत आली. ऐंशीच्या दशकात रेडिओवर संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागे आणि त्यात बायकांना लोणची-पापडापुरती जागा असे. शामला आंब्याचं लोणचं सांगायला गेली आणि फोडी करायच्या आधीच कृषी अधिकाऱ्याच्या आवाजात बोलू लागली. काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ हसताना टेबलावर आडवा झाला. त्यानंतर तिला लोणचं कोणी विचारलं नाही. तिला स्वतःचा कार्यक्रम मिळाला.

तोवर या भागात हसवायचं काम पुरुषांचं होतं. खडी गंमत या इथल्या लोकनाट्यात बाईसुद्धा लुगडं नेसलेला पुरुषच असायचा. शामला एकटी रंगमंचावर उभी राहू लागली. सावनेरच्या पहिल्याच कार्यक्रमात मागून एकजण ओरडला, "घरी जा वं! सैपाक कोण करते?"

"तुह्या मायनं तं केला ना गा," शामला म्हणाली, "मंग तू असा वाळून काहून राहिला?"

त्या माणसाला सभागृह सोडून जावं लागलं. जाताना त्याच्या चालण्याचीही नक्कल झाली.

पुढे तिच्या जाहिरातींवर 'विदर्भातील पहिली' असं येऊ लागलं. पहिली विनोदी कलाकार, पहिली निवेदिका, वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिणारी पहिली. पहिली हा शब्द तिला नावापेक्षा आवडायचा.

आणि चिंगी. चिंगीने तिला घराघरात नेलं.

चिंगी म्हणजे तिची मुलगी वैभवी. वैभवी दुसरीत असताना तिचा 'प' अडू लागला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, डोळे मिटून, ती पाणी मागायचा प्रयत्न करायची. शामला ज्या नजरेने मांडवातल्या विहिणीकडे बघायची, त्याच नजरेने तिच्याकडे बघत राहिली. पाणी दिलं नाही, कारण शब्द पुढे कसा निघतो ते तिला बघायचं होतं. त्याच आठवड्यात रेडिओवर चिंगी नावाची पोर दुकानात पोहे आणायला गेली. शब्द तोंडातून निघेपर्यंत दुकानदाराने फळी लावून दुकान बंद केलं. रेडिओ स्टेशनवर पत्रांची पोती आली.

वैभवीला शाळेत मग कोणी वैभवी म्हटलं नाही. रुपराव फार न बोलणारा माणूस. ते एकदाच म्हणाले, "पोरीले सोड वं." पुढच्या कार्यक्रमात एक नवा नवरा आला, जो वर्षातून एकच वाक्य बोलायचा. रुपराव वारले तेव्हा तेरवीला जमलेल्या पाहुण्यांसमोर शामलाने तो नवरा करून दाखवला. माणसं डोळे पुसता पुसता हसली. वैभवी आत जाऊन ताटं वाढू लागली.

आता वैभवी मनीषनगरला राहते. नवरा सुशील चांगला माणूस आहे. तिचं बोलणं ऐकून काही कळत नाही, कारण अडणारे शब्द ती येऊच देत नाही. पाणी मागत नाही, तहान लागली म्हणते. तिची मुलगी मयुरा पहिलीत गेली आणि यंदाच्या पोळ्याच्या थोडं आधी वैभवी एकटीच आईकडे आली.

शामला फोन स्टँडला लावून बसली होती. रेडिओ सुटला तरी आता तिचे व्हिडिओ चालत होते. तिचं आत्मचरित्रही नुकतंच छापून झालं होतं.

"आई, मयुराचं बी अडकून राहिलं."

"काय?"

"बोलणं."

शामलाने चष्मा काढला. "कोण्या अक्षरावर?"

वैभवी तिच्याकडे बघत राहिली. "हे काहून विचारून राहिली तू?"

"आजी हावो मी. इचारू नाही काय?"

"'म'वर. सोताचं नाव सांगता येत नाही तिले." वैभवीने श्वास घेतला. "आई, चिंगी बंद कर. माह्यावेळी रेडिओ होता, सांजच्याला लागे अन् बंद होये. आता फोनमध्ये राहते, बंदच होत नाही. शाळेतल्या एका जणानं बघितलं का तिचं आयुष्य गेलं."

"पुस्तकात तं छापून झाली."

"छापलेलं राहू दे. नवीन करू नको. तुह्या तोंडून तिनं ते ऐकलं, तं मी तिले या घरात कधी आणणार नाही. मी आजवर तुले काही मागितलं नाही."

"मागितलं असतं," शामला म्हणाली, "पण शब्द निघाला असता तं ना."

आणि तिने सवयीने तोंड वीतभर मागे घेतलं. खोलीत हसायला कोणी नव्हतं. वैभवीने पर्स उचलली.

"बस वं," शामला घाईने म्हणाली. "जिभेची सवय हाय. नाही करत. मयुराची आन."

रुपराव गेल्यावर त्या घरात येणारी माणसं म्हणजे या मायलेकीच होत्या. मयुरा शनिवारी यायची, आजीच्या पोटावर डोकं ठेवून फोन बघायची. ती आली नाही तर शनिवार कसा जातो हे शामलाला ठाऊक होतं. तिने आन खरी घेतली होती.

पोळ्याच्या आधी गल्लीतल्या मंडळाचा पियूष दारात आला. पियूषचे वडील कवडू यांना लकवा मारून गेला होता आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. महिनाभरापूर्वी शामलाने एक व्हिडिओ टाकला होता: वाकड्या तोंडाचा म्हातारा झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे मागवतो आणि तर्री तोंडाच्या कोणत्या बाजूने गळते ते. नाव घेतलं नव्हतं. गल्लीला नावाची गरज नव्हती.

"काकू," पियूष म्हणाला, "यंदा मंडळाचा बडग्या तुमचा करून राहिलो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या देवीसारख्या बाईचे पुतळे, निघतात आणि त्यांच्या मागे बडगे. शहराला छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे: महागाई, खड्डे, लाच घेणारे साहेब. लोक त्यांना शिव्या घालत मिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात. पियूष भांडणाच्या तयारीने आला होता. मागे दोन मित्रही उभे होते.

शामलाच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"बडगे मंत्र्यायचे होते, गा. बाईचा झाला काय कधी?"

"नाही आठवत."

"मंग मी पहिली." तिने दार पूर्ण उघडलं. "बाई हाय तं मारबतच करा ना मंग!"

"मारबतीले लोक नवस बोलतात, काकू. तुमचा बडग्याच."

यावर ती खुशीत मान हलवत राहिली. चांगला टोला तिला कळायचा, तो कोणाला बसला ते मात्र कधी कळलं नाही. तिने आपली रंगमंचावरची जांभळी साडी पुतळ्याला काढून दिली, जुना चष्मा दिला. "नाक मोठं करा," म्हणाली, "लोक नाकानं ओळखतात." पियूष साडी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. मग निघून गेला.

तिने लगेच वैभवीला फोन लावला. "मयुराले घेऊन ये. आजीचा बडग्या हाय म्हणा."

मयुराला मारबत बघायचीच होती. आपल्या आईने आन घेतलीय, म्हणून वैभवी आली.

मारबतीच्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीतून निघून मोठ्या मिरवणुकीत शिरली. बडग्या खरंच छान झाला होता. जबड्याला गाडीच्या वायपरची मोटर लावली होती, तोंड सारखं उघडझाप करत होतं. छातीवर पाटी: 'आमचं तोंड, हिचं पोट.' शामला ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला पुतळ्याशेजारी उभी होती, हार घातल्यासारखी. मागच्या बाजूला खुर्चीवर कवडू बसले होते. ते एकटक तिच्याकडे बघत होते.

चौकाचौकात आरोळी उठत होती, "इडा, पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" इतर बडग्यांवर लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. या ट्रॉलीपाशी आले की नुसते ओरडत होते. एका बाईने चप्पल काढून पुतळ्याला दाखवली. कवडूच्या वयाच्या एका माणसाने बोटं मोडून तळतळाट दिला. शामला प्रत्येक चौकात हसण्याची वाट बघत होती.

मिरवणूक एका चौकात अडली. पियूषने तिच्या हातात माईक दिला. "बोला ना काकू. का आता सुचत नाही?"

तिने कृषी अधिकारी केला. तो अधिकारी आठवणारी माणसं गर्दीत नव्हती. तिने रुपराव केले. कोणीतरी जांभई दिली. समोर शेकडो चेहरे आणि एकही हसत नाही, असं तिच्यावर आयुष्यात आलं नव्हतं.

"चिंगी करा, चिंगी!" गच्चीवरून आवाज आला.

फुटपाथवर वैभवी मयुराचा हात धरून उभी होती. तिने आईकडे बघून मान हलवली. नाही. शामलाने ते पाहिलं.

मग तिने डोळे मिटले. जुनी चिंगी 'प'वर अडायची, ती शिळी झाली होती. ही नवी होती. बाई वर्गात विचारतात, नाव काय बेटा? चिंगी 'म'वर ओठ मिटते. हजेरी संपते, मधली सुट्टी होते, शाळा सुटते, शिपाई कुलूप लावतो, ओठ मिटलेलेच. शामलाने तोंड वीतभर मागे घेतलं.

चौक फुटला. गच्च्या हसल्या, पोलीस हसला, पियूषचे मित्र हसले. मयुराही आधी हसली, कारण सगळे हसत होते. मग तिने आईचा चेहरा पाहिला.

शेजारच्या बाईने डोळे पुसत मयुराच्या गालाला हात लावला. "आजी हाय वाटते तुही? नाव काय वं बाई तुहं?"

मयुराने ओठ मिटले. ओठ मिटलेलेच राहिले. मान ताणली गेली, डोळे भरले.

"पाहा वं पाहा!" ती बाई मागच्यांना म्हणाली, "हुबेहूब करते! अस्सल आजीवर गेली!"

पुन्हा हशा झाला. शामलाला ट्रॉलीवरून तोही ऐकू आला. वैभवीने मुलीला कडेवर उचललं, एवढी मोठी मुलगी, आणि ती गर्दीत वाट काढू लागली. पण मिरवणूक सुटली होती, गर्दी दोघींना ट्रॉलीलगत ढकलत नेऊ लागली. मैदानापर्यंत त्यांना बाहेर पडता आलं नाही.

मैदानावर बडग्या उतरवला. जांभळ्या साडीने आधी पेट घेतला. मोटर चालूच होती, जळतं तोंड उघडझाप करत होतं. चारी बाजूंनी आरोळी उठली आणि तिच्यात मयुराचा आवाज मिसळला. आईच्या खांद्यावरून, आजीकडे बघत, ती सगळ्यांबरोबर ओरडत होती:

"इडा, पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!"

शामलाचा कान आयुष्यभर असल्याच गोष्टींवर जगला होता. एवढ्या गोंगाटातून तिने तो एकच आवाज वेगळा काढला. घोळक्यात ओरडताना पोरीचा 'म' कुठेच अडत नव्हता. गोल, मोकळा, पुन्हा पुन्हा.

माईक अजून तिच्या हातात होता. तिने तो तोंडाशी नेला, नातीला हाक मारण्यासाठी.

"म..." ती म्हणाली, आणि पुढचं अक्षर निघेचना.

लोकांना वाटलं चिंगी पुन्हा सुरू झाली. ते हसू लागले.