पक्के दात येईपर्यंत

दातवाले सर नमस्काराच्या आधी म्हणायचे, "दात दाखव बरं." किनवटकडच्या आमच्या गावात पहिल्यांदा आले तेव्हा मलाही तेच म्हणाले. मी अंगणवाडीची बाई, गावात चार माणसं मान देणारी. असा राग आला की विचारू नका. हातपंपाच्या पाण्यानं गावात सगळ्यांचेच दात तपकिरी. जन्मभर तोंडावर पदर धरून हसलेली मी, आणि हा परका माणूस बॅटरी घेऊन समोर.

सर नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. आमचे दात बघून गेल्यावर त्यांनी पाण्यातलं फ्लोराईड, म्हणजे दात तपकिरी करणारा क्षार, ओढून घेणारे स्वस्तातले खडे तयार केले. खड्यांची टाकी अंगणवाडीत बसवली आणि ते दर महिन्याला औषधाच्या पाण्यात धुवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. त्याच वर्षी माझी आरती जन्मली. टाकीच्या पाण्यावर वाढलेलं गावातलं पहिलं लेकरू तेच.

पाणी तपासणीत चोख उतरलं. समाजाच्या कामी आलेल्या संशोधनाला एक मोठा पुरस्कार असतो, त्याचा अर्ज कॉलेजनं सरांपुढं ठेवला. सर काही केल्या सही करेनात. म्हणायचे, "पाणी कागदावर चांगलं हाय. लेकरांच्या कामी आलं का न्हाई, ते पक्के दात सांगतील." पक्के दात यायला सहा-सात वर्षं. लोक म्हणाले, मास्तर खुळा हाय. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू.

पण मला वेगळीच भीती होती. आरती दोन वर्षांची असताना माझे वडील आजारी पडले आणि दोन महिने मी खडे धुतलेच नाहीत. वहीत मात्र 'धुतले' लिहिलं. न धुतलेले खडे फ्लोराईड ओढत नाहीत, आणि पक्के दात हिरडीच्या आत घडतात ते त्याच वयात. आरतीचा पुढचा दात हलायला लागला, तेव्हा फोन करून सरांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "तवाच सांगायचं होतंस, बाई. आता वाट बघू."

नवा दात वर आला तशी मी तिला घेऊन रेल्वेनं नांदेड गाठलं. सरांनी तिला खिडकीपाशी उभं केलं, बॅटरी लावली, विझवली, पुन्हा लावली. "दुधावानी हाय गं," म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसून रडायला लागले. मीही रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मग त्यांनी अर्ज काढला, सही केली आणि चुकलेले दोन महिने त्यात माझ्याच हातानं लिहायला लावले.

पुरस्कार मिळाला. सोहळ्याला मलाही नेलं. फोटोवाला हसा म्हणाला आणि सवयीनं माझा पदर तोंडावर गेला. सर हळूच म्हणाले, "पदर काढ. हेच दात बघून तर कामाला लागलो मी."

गेल्या वर्षी सर गेले. तो फोटो टाकीच्या वर टांगलाय. अंगणवाडीतली पोरं त्यातले माझे दात बघतात, घरी आईबापाचे बघतात आणि घाबरून विचारतात, "बाई, मोठं झाल्यावर आमचे बी असेच होतील का?"

नाही होणार, मी सांगते. आयुष्यात इतक्या खात्रीनं दुसरं काही मी कुणाला सांगितलेलं नाही.