खाडीच्या चिखलावर विश्वास ठेवणारे गुरव सर

गुरव सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि भूगोलाच्या या गृहस्थांनी स्टाफरूममधल्या माझ्या टेबलावर ओल्या चिखलाचे डबे मांडले होते.

"टेबल माझं आहे," मी म्हणाले.

"व्हय आक्का, चिखल माझा हाय. वाळला की उचलतो."

खानापूरकडची ही बोली सरांनी टिळकवाडीत घर बांधल्यावरही सोडली नाही.

समुद्र घाटाखाली, आम्ही बेळगावात. तरी सर दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना कोकणातल्या एका खाडीवर नेत. तिथला उघडा चिखल गवताळ झालेला डोळ्यांनी बघायचा, ही त्यांची एकच इच्छा. चिखलात त्यांनी शहाबादी फरश्या पुरल्या होत्या. वर्षाने सळई खुपसून फरशीवर किती गाळ चढला ते मोजायचे. भरतीचे पाणी थबकले की गाळ खाली बसतो. त्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो आणि तोच गाळ बांधून ठेवतो. चिखल पुरेसा उंचावला की खारे गवत रुजते, मग गवतच पुढचा गाळ अडवते.

एका वर्षी सरांना ताप आला, म्हणून मुलांना मी नेले. गवत लवकर यावे म्हणून ते लावायचेही मीच ठरवले. मुले शेतकऱ्यांची, भाताच्या लावणीआधी चिखलणी करायची, एवढे त्यांना पक्के ठाऊक. त्यांनी हसतखेळत सगळा चिखल तुडवून त्यात रोपे लावली. मी थांबवले नाही. आठवड्याने सरांसह आम्ही परत गेलो, तर भरतीने रोपेही नेली होती आणि सैल झालेला गाळही. फरश्या उघड्या पडल्या होत्या. सरांची इतक्या वर्षांची मोजणी गेली.

सरांनी एक उघडी फरशी उचलून धुतली. मग मुलांना म्हणाले, "चिखलणी झ्याक केलीसा रं. खरं हितली शेती पाणी करतंय, आपण न्हाय." मला एवढेच म्हणाले, "आक्का, परत पुरूया."

कॉलेजात कुणी मोजणीचे विचारले, की "औंदा भरती लई मोठी होती," असे सांगत. माझे नाव त्यांनी कधीच घेतले नाही. मी तेव्हा माफी मागितली नव्हती. ती इथे, सरांच्या या गौरव अंकात, सर्वांसमक्ष मागते.

निवृत्तीनंतरही सर खाडीवर जात राहिले. गेल्या हिवाळ्यात मीही गेले. आम्ही तुडवलेल्या जागी आता घोट्याच्या वर गवत आहे, एकही काडी कुणी न लावलेले. सर वाकून बघत राहिले, हात मात्र लावला नाही. मग पाण्याकडे बोट करून म्हणाले, "त्यो पलीकडचा चिखल अजून उघडाच हाय."

सर, तोही हिरवा होईपर्यंतचे आयुष्य आणि तिथवर चालत नेणारे धड गुडघे तुम्हाला लाभोत. मी सोबत येईन. काठावरच उभी राहीन.