औषधांची पिशवी उपडी करायला लावणाऱ्या अक्का

डॉक्टर सुमित्राबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या रागावलेल्याच. नव्वदच्या दशकात मी नागपूरहून बंगळूरला त्यांच्या हाताखाली शिकायला आलो होतो. त्या इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. अख्खं रुग्णालय त्यांना अक्का म्हणे. पहिल्याच दिवशी मी एका रुग्णाचा केसपेपर घडाघडा वाचला, तर म्हणाल्या, कागद राहू दे, माणूस काय गिळतोय ते बघ.

रुग्णानं घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायची आणि टेबलावर उपडी करायची, ही त्यांची रीत. एवढ्या गर्दीत हा बाजार कशाला मांडायचा, असं मला वाटे. अक्कांचं लक्ष नसलं की मी या रीतीला सरळ फाटा देत असे.

तुकोजीअण्णांची पिशवी मी अशीच कधी पाहिली नाही. ते पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथ चालवत. पायाच्या अंगठ्याला गाऊट, म्हणजे सांध्याचा ठणका. दर महिन्याला मी जुन्या चिठ्ठीखाली ‘चालू ठेवा’ लिहून मोकळा होई. एके दिवशी मुलीनं त्यांना धरून आणलं. खुर्चीतून उठता येईना, हात डोक्यापर्यंत जाईना. रक्ततपासणीत स्नायूंची नासधूस स्पष्ट दिसत होती. मी धावतच अक्कांकडे गेलो. स्नायूंना सूज आणणारा दुर्मीळ आजार सापडला म्हणून, खरं सांगतो, मी हरखून गेलो होतो! स्टेरॉइडची चिठ्ठीसुद्धा लिहून तयार होती.

अक्कांनी आधी पिशवी उपडी करायला लावली. कोल्चिसीनच्या, म्हणजे गाऊटच्या गोळ्यांच्या, रिकाम्या पट्ट्या निघतच राहिल्या. दुखणं थांबेपर्यंत दर दोन तासांनी एक गोळी, असं पूर्वी कुणा डॉक्टरांनी सांगितलेलं. लेथसमोर दिवसभर उभं राहायचं, म्हणून अंगठा ठसठसला की अण्णा गोळ्या सुरू करत. जुलाबाचं खापर त्यांनी कॅन्टीनच्या सांबारावर फोडलं होतं. त्यात मूत्रपिंडं अधू. तो रिपोर्ट मी वाचलेला होता. औषध अंगात साठत गेलं आणि स्नायूंना विषबाधा झाली.

अक्कांनी गोळी तात्काळ बंद केली, अण्णांना दाखल करून घेतलं आणि मला बाजूला नेलं.

“त्यांना तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहते.”

मी सांगितलं. मुलगी संतापून बोलली, आणि तिचं बरोबरच होतं. विभाग माझा आहे, मलाही बोल, असं अक्का तिला म्हणाल्या. अण्णांनी एवढंच विचारलं, की मी पुन्हा उभा राहीन का? बहुतेक राहाल, पण वेळ लागेल, असं अक्कांनी खरं ते सांगितलं. त्यानंतर रोज राउंडच्या आधी त्या स्वतः येऊन अण्णांच्या पायांतली ताकद तपासत. मी जीव मुठीत धरून बघत असे.

चौथ्या आठवड्यात अण्णा कुठंही हात न टेकता खुर्चीतून उठले! मी वॉर्डातच टाळ्या पिटल्या. अक्का गालात हसल्या. घरी सोडायची वेळ आली तेव्हा चिठ्ठी लिहायला मी पेन अक्कांच्या हातात दिलं. अण्णांनी ते काढून माझ्या हातात ठेवलं आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले,

“तूच लिही. स्वल्प, जरा बघून लिही.”

अक्कांनी त्या दिवशी माझी चूक झाकली असती, तर हे वाक्य माझ्या वाट्याला आलंच नसतं. पंच्याहत्तरीतल्या अक्कांना ठणठणीत शंभरी लाभो; आम्हांला त्या अजून पुष्कळ वर्षं शेजारी उभ्या हव्या आहेत.