शेजारच्या दरवाजाचा पोचा

माझ्या काकांना सगळी गल्ली ठोक्या म्हणते. ते गाड्यांचे डेंटर. ठोकलेली, चेपलेली, कशीही गाडी आणा, हातोडी आणि लोखंडी ठोकळा घेऊन ते पत्रा असा सरळ करतात की मालकालाच शंका यावी, आपण खरंच धडकलो होतो का. माणूस मात्र तिरसट. गिऱ्हाईक ‘जरा नीट बघा’ म्हणालं की हे त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. पोचा निघाला की नाही हे ते डोळ्यांनी बघतच नाहीत. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतात, आणि तळव्याला काही लागलं नाही की काम संपलं. ‘निघाला का?’ असं त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

माझे बाबा त्यांचे थोरले भाऊ. स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शहरातले निम्मे लोक त्यांच्याकडेच गाडी शिकले असतील. कुणी चौकात गाडी बंद पाडो, कुणी फुटपाथवर चढवो, बाबांचा आवाज चढायचा नाही. ‘असू दे, पुन्हा करू’, एवढंच. बाहेर त्यांच्या या शांतपणाचं फार कौतुक होतं. घरात आम्हाला त्यातलं किती मिळायचं ते आमचं आम्हाला ठाऊक.

त्यांची स्वतःची गाडी गडद निळी, जुन्या घडणीची. गोल बॉनेट, चकचकीत बंपर, डोळे वटारल्यासारखे दिवे. रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसायचे. आई तिला सवत म्हणायची. आईनेच एकदा हट्ट धरला की मलाही शिकवा. शिकायला बसली, आणि थोड्याच दिवसांत आमच्याच फाटकातून गाडी आत घेताना तिने ड्रायव्हरच्या शेजारचा दरवाजा खांबाला घासला. खाली वाटीएवढा पोचा पडला आणि त्यामागे एक लांब चरा. बाबा तेव्हा काय बोलले ते मला नीट आठवत नाही, मी लहान होते. आई पुन्हा स्टिअरिंगला बसली नाही, एवढं आठवतं.

काका त्याच दिवशी ठोकळा घेऊन आले. म्हणाले, चहा होईपर्यंत काढून देतो. बाबा म्हणाले, राहू दे. पुढे काका जेव्हा जेव्हा घरी येत, तेव्हा त्या दरवाजाकडे बघून त्यांच्या हाताला खाज सुटायची, आणि दर वेळी बाबांचं उत्तर तेच. आई त्यानंतर पुढे बसायची सोडून मागे बसायला लागली, तेही पलीकडच्या बाजूने वळसा घालून. पुढे कानाला वारा लागतो म्हणायची. ‘मालकीणबाई मागे, ड्रायव्हर पुढे’ म्हणून बाबा चिडवायचे आणि आम्ही सगळे हसायचो.

मग आई गेली. पोचा तसाच राहिला आणि आपोआप ‘आईची आठवण’ झाला. आलेल्या-गेलेल्याला आम्ही तो दाखवायचो. बघा, अजून काढू देत नाहीत, इतका जीव होता. बाबा नुसतं ऐकून घ्यायचे.

साखरेने बाबांचे डोळे गेले. गाडी दारात उभी राहून तळातून सडली आणि शेवटी भंगारात गेली. सही बाबांनीच केली होती. पण मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं, तसं ते हे विसरले. रोज विचारायचे, गाडी कुठे लावली, झाकली का. मी म्हणायचे, हो, झाकली. किती वेळा म्हणायचं? एकदा वैतागून मी काकांपुढे रडले. डॉक्टरांनी तर तोवर हात टेकलेच होते. काका म्हणाले, जाण्याआधी एकदा त्याच्या हातात गाडी देतो.

मला वाटलं, खेळण्याच्या दुकानातून काहीतरी आणतील. त्यांनी तांब्याचा पत्रा आणला. जुने फोटो, स्वतःची आठवण आणि तशाच एका गाडीची कुठून तरी मिळवलेली मापं, यांवरून आधी लाकडाचा साचा कोरला. खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाचा, हातभर लांब. त्यावर बॉनेट, छत, मडगार्ड, सगळं टिचक्या मारल्यासारखं हलकं ठोकून बसवलं आणि वर तोच गडद निळा रंग दिला. दिव्यांना बायकी घड्याळाच्या काचा, पुढच्या जाळीला चहाची गाळणी, सीटांना माझी जुनी पर्स. ती मी टाकलेली नव्हती, त्यांनी न विचारता कापली. चारही दरवाजे उघडायचे. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. बॉनेटखाली इंजिन होतं, त्याला पंख्याचा पट्टासुद्धा होता. मोठ्या गाड्यांची कामं खोळंबली, गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेली, काका जागचे हलले नाहीत. इकडे बाबा दिवसेंदिवस कमी बोलत चालले होते, आणि मला एकच धास्ती होती की गाडी व्हायच्या आत सगळं आटपेल.

गाडी झाली. काकांनी ती बाबांच्या मांडीवर ठेवली. मी उशा लावून त्यांना बसवलं होतं. बाबांची बोटं बंपरवरून दिव्यांवर गेली, बॉनेटवरून काचेवर. त्यांनी स्टिअरिंग फिरवून चाक वळतंय का ते चाचपलं. चेहरा उजळला. मग हात शेजारच्या दरवाजावर आला आणि तिथेच खालीवर फिरत राहिला. पुन्हा दाराच्या मुठीपासून खाली, पुन्हा वर. मला कळलं, काय शोधतायत. काकांना कळायला एक क्षण जास्त लागला.

“छान आहे,” बाबा म्हणाले. “कुणाची आहे?”

काका बाहेर जाऊन पायरीवर बसले. इंजिनाचा पट्टा लक्षात राहिला आणि पोचा विसरले. पण विसरले तरी कसं म्हणू? जन्मभर त्या माणसाने पोचा हा गाडीचा भाग कधी धरलाच नव्हता. मी म्हटलं, आता घाला. ते माझ्यावरच उखडले, मी काढणारा आहे, घालणारा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र पत्र्याचे तुकडे घेऊन पोचे पाडून बघायला बसले. बाजूला तुकड्यांचा ढीग झाला, पण एकही पोचा खरा दिसेना. त्यांच्या हाताला घाव पसरवायचीच सवय. प्रत्येक पोचा कसा नीटनेटका, ठोकून केलेला.

शेवटी त्यांनी गाडी माझ्यापुढे सरकवली. “तू घाल. वहिनीसारखा न शिकलेला हात पाहिजे.”

मी गाडी दोन्ही हातांनी धरून, पत्रा आवळून धरायचा त्यांचा जड शेगडा होता, त्याच्या लोखंडी कोपऱ्यावर घासत नेली. कच्च असा आवाज झाला. काकांनी तोंड फिरवलं. बघितलं तर खाली बोटाचं टोक बसेल एवढा पोचा आणि मागे चरा, हुबेहूब. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

बाबा त्या दिवशी बसू शकत नव्हते. काकांनी गाडी बाबांच्या कुशीत ठेवली आणि त्यांचा हात धरून दरवाजावर नेला. बोटं खाली सरकली आणि थांबली. बराच वेळ ती तिथेच होती. आम्ही दोघं वाट बघत होतो की आता हसतील, आता ओळखतील.

“तू आलास ते बरं झालं,” बाबा काकांना म्हणाले. “हा काढ. तिला रोज दिसावा म्हणून ठेवला होता मी. फार बोललो तिला, सगळ्यांसमोर. काढ आता.”

मला आई दिसली, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराकडे जाणारी, आणि तिच्यामागे हसणारे आम्ही. आम्ही पाहुण्यांना कौतुकाने काय दाखवत होतो ते तेव्हा कळलं. मला बाबांचा संताप आला. मरत असलेल्या माणसाचा संताप येतो, आणि तो कुठे ठेवायचा हे कुणी सांगत नाही.

काकांनी दरवाजा उघडला आणि चमच्याच्या दांड्याने आतून दाबलं. टक् झालं. पत्रा वर आला, पण ताणलेलं तांबं पूर्ण बसेना. बाबांनी बोट फिरवलं.

“अजून आहे.”

“दुकानात नेऊन नीट काढतो, दादा.”

“ती यायच्या आत,” बाबा म्हणाले.

ते शेवटचं नीट बोलणं. दोन दिवसांत बाबा गेले. गाडी तेव्हा काकांच्या फळीवर होती, दरवाजा बिजागरीतून काढलेला.

सगळं उरकल्यावर मला वाटलं, आता ते काम तसंच पडून राहील. कुणासाठी करायचं? पण काकांनी दरवाजाचा रंग उतरवला, तांबं तापवून मऊ केलं, साच्यावर ठेवून ठोकलं, घासलं, पुन्हा तोच निळा रंग दिला. मला दुकानात बोलावून घेतलं. गाडी टेबलावर होती, दरवाजा बसवलेला. काकांनी तिच्यावरून हात फिरवला नाही. हात मागे बांधून उभे राहिले आणि मला डोळे मिटायला सांगितलं.

मी डोळे मिटून मुठीपासून खाली बोटं नेली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पत्रा थंड आणि सरळ होता.

“निघाला का?” काकांनी विचारलं.

मी म्हटलं, निघाला.