दीपा नगराळेचं खळ मोजणारं यंत्र

दीपा नगराळेच्या यंत्राला कोणी नावं ठेवत नव्हतं आणि कोणी ते विकतही घेत नव्हतं. आर्णीत पंप दुरुस्त करणाऱ्या बापाची ही मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून यवतमाळच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसली, तेव्हा नातेवाइकांनी तिला सरळ वेड्यात काढलं. नळीतून वाहणारा द्रव दाट आहे की पातळ, हे तिचं यंत्र चालू कामातच सांगायचं. नळीत एक बारीक दांडा थरथरत असे. द्रव दाट झाला की थरथर मंदावे आणि बाहेरचा आकडा चढे. शेडमध्ये सगळं झकास होतं. पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच, "आधी कुठं लावलं?" आणि ते अजून कुठेच लागलं नव्हतं.

शेवटी कळंब रोडवरच्या कापड कारखान्याचे मालक वामनराव तयार झाले. विणण्याआधी सुताला स्टार्चची खळ लावतात. ती पातळ झाली तर सूत तुटतं, दाट झाली तर चिकटतं. त्यांच्याकडे खळ भोकाच्या पेल्यात भरायची आणि गळायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं, अशी रीत होती. "पेल्याशी जुळलं तर घेतो," वामनराव म्हणाले. "नाही जुळलं तर मंग फेऱ्या मारू नका." इथून हात हलवत परतले तर शेडला कुलूप आणि पुन्हा पुणे, हे दीपाने घरी सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी यंत्र बसवण्याआधी त्याची पूजा होती. "तुम्ही तवरिक हापिसात चहा घ्या," वामनराव तिला म्हणाले. आडनाव ऐकल्यावर मिळणारा असा चहा दीपाने आयुष्यात पुष्कळ घेतला होता. ती मुकाट्याने गेली. परतली तेव्हा फोरमन देवसिंगने यंत्र नळीत बसवून बोल्टही आवळले होते. एकदा काढून बघावं असं तिला फार वाटलं. पण नुकत्याच पुजलेल्या वस्तूला आपण हात लावला तर कुणाच्या कपाळाला आठी पडेल, या विचाराने ती गप्प बसली. तिथेच चुकलं.

लाइन सुरू झाली आणि आकडा चढला तो खाली येईचना. देवसिंगने पेला भरून पाहिला. खळ अगदी बरोबर होती.

"तुमची मशीन खोटं बोलून राह्यली," वामनराव म्हणाले.

दीपाने लॅपटॉप यंत्राला जोडला. लॅपटॉपवर एक दुरुस्ती टाकली की आकडा पेल्याशी जुळणार होता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तिचं बोट बटणापर्यंत गेलंही. पण उद्या खळ खरोखरच बिघडली, तर हेच यंत्र सगळं ठीक आहे म्हणून सांगत बसेल. तिला स्वतःचाच राग आला. तिने लॅपटॉप मिटला.

"भाऊ, लाइन थांबवा. मले दांडा पाहाचा हाये."

"लाइन थांबली तर चढवलेलं सूत वाया जाते. अन् काही निघालं नाही तर?"

"तर यंत्र उचलून चालली जातो मी."

वामनरावांनी दात-ओठ खात हात वर केला. लाइन थांबली. देवसिंग बोल्ट सोडवू लागला, पण त्याची नजर काही वर येईना. दांडा बाहेर आला. त्याला लाल धागा करकचून गुंडाळलेला होता, खळीने टरारून फुगलेला. पूजेत शेठने बांधलेला धागा देवसिंग कशाला सोडतो?

मग वामनरावांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्याच्या छोट्या चाकूने धागा स्वतः कापला आणि कपाळाला लावून खिशात ठेवला. "म्याच बांधला होता," ते म्हणाले.

यंत्र पुन्हा बसवलं. लाइन सुरू झाली. आकडा पेल्याशी जुळला, दुपारी जुळला, संध्याकाळीही जुळला. दीपाने तिन्ही आकडे वहीत लिहून घेतले.

"दुसऱ्या लाइनलेही एक लावून टाका," वामनराव म्हणाले. जरा थांबून त्यांनी तक्रारही केली, "पण मॅडम, पूजेच्या टायमाले तुम्ही तिथं असत्या तर तवाच सांगतलं असतं. काहून नाही आल्या?"

"तुम्ही मले चहाले पाठवलं होतं, भाऊ."

देवसिंग पाना पुसत राहिला.

"मी पूजा करत नाही," दीपा म्हणाली. "पण दुसऱ्या यंत्राच्या येळी तिथंच उभी राहीन. धागा कुठं बांधाचा, ते मी दाखवीन."

वामनरावांनी होकाराची मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही.