तबकडीच्या सिनेमाचं शेवटचं रीळ

"आज कोणी उतरतंय का?"

तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून सर एवढंच विचारायचे. सिनेमाचं नाव, नटनट्या, कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मी "उतरतंय, सर" म्हटलं की तिकीट घ्यायचे. "नाही, आज नुसती मारामारी" म्हटलं की सायकल वळवून आल्या पावली सावेडीला परत.

नगरच्या ज्या थेटरात मी तिकिटं विकायचो, तिथं रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. गिऱ्हाईक म्हणजे कॅम्पातले जवान आणि कॉलेजची पोरं. तुमच्यापैकी कोणी तेव्हाचे ते उडत्या तबकडीचे सिनेमे पाहिले असतील, तर गोष्ट काय असायची ते सांगायला नको. आभाळातून तबकडी येते, माळावर उतरते, दार उघडून चंदेरी कपड्यातला परग्रहावरचा पाहुणा बाहेर पडतो आणि बंदुका घेऊन माणसं भोवती जमतात.

सर मिशनच्या शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. सिनेमाला थेरं म्हणणारा माणूस. त्यांचा एकुलता एक मुलगा विमानदलात होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान सीमेपलीकडे पडलं आणि घरी 'बेपत्ता' अशी तार आली. गेला म्हणावं तर तसं नाही, आहे म्हणावं तर तसंही नाही. पुढं काही महिन्यांनी सर पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आले, तेव्हा मला वाटलं, रस्ता चुकले असतील.

परक्या मुलखात आभाळातून पडलेल्याचं तिथले लोक काय करतात, ते बघायला सर यायचे. हे त्यांनीच मला मध्यंतरात चहा पिताना सांगितलं, वर्गात उदाहरण समजावून द्यावं तसं. पोशाख वेगळा, भाषा कळत नाही, हातात काही नाही. काय करतील लोक? तू सांग. मी काय सांगणार, कपाळ!

सिनेमातले लोक एकच करायचे. कोणीतरी घाबरट गोळी झाडायचाच. सर अंधारात उठून उभे राहायचे, "अरे, हात वर आहेत त्याचे!" म्हणायचे आणि मागची पोरं फिदीफिदी हसायची. आमचा आपरेटर म्हणाला, म्हातारं येडं झालंय, आत सोडत जाऊ नका. मी त्याच्यावर खेकसलो आणि खरं काय ते सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही सरांचा राग यायचा. दर रविवारी कशाला स्वतःला असं भाजून घ्यायचं?

मग एक सिनेमा असा आला, की त्यातला पाहुणा जखमी होऊन एका विधवेच्या घरात शिरतो. ती ओरडत नाही. त्याला टेबलाशी बसवून पाव आणि सूप पुढे ठेवते. तो चमचा उलटा धरतो, ती हळूच सुलटा करून देते. पुढं त्यालाही गोळी घालतातच, पण ते शेवटच्या रिळात. खेळ सुटल्यावर सरांनी माझा हात धरला.

"पुढच्या रविवारी हिला आणतो. तेवढं शेवटचं रीळ लावू नका. तार आल्यापासून ती धड जेवलेली नाही."

मॅनेजरला विचारायची सोय नव्हती. आपरेटर म्हणाला, "जुनी प्रिंट हाय, तुटली म्हनून सांगतो. तुमी काळजी करू नका."

सर काकूंना टांग्यातून घेऊन आले. ठेवणीतलं पातळ नेसलेल्या काकू कोणाकडे न बघता आत गेल्या. चमचा सुलटा झाला, पाहुणा जेवायला लागला आणि पडद्यावर एकदम झेंडा! तेव्हा खेळ संपला की राष्ट्रगीत लागायचं. जवान ताडकन उभे राहिले, कॉलेजच्या पोरांना शिव्या तोंडातच गिळाव्या लागल्या. गीत संपताच सरांनी काकूंना बाजूच्या दारानं बाहेर काढलं. मग मात्र पोरांनी माझ्या खिडकीची जाळी हलवून हलवून खिळखिळी केली.

टांग्यात चढताना काकू सरांना म्हणाल्या, "जेवतोय तो. आता काळजी नाही."

सर हसले. त्या एका रविवारपुरते हसले.

त्यानंतर ते थेटराकडे फिरकले नाहीत. पलीकडे अडकलेले आपले कैदी परत आले, त्यांत मुलगा नव्हता. कुठंतरी जेवत असेल, असं काकू म्हणत राहिल्या, आणि सर मान डोलवत खंगत गेले. पुढच्याच उन्हाळ्यात वारले.

मी भेटायला गेलो. काकूंनी चहा ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी."

"काय, काकू?" मी विचारलं.

"तुमच्या थेटराच्या दारात, काचेत फोटो लावले होते ना? आत जातानाच पाहिला. त्यात तो पालथा पडलाय, भोवती शिपाई. अहो, तार आली त्या दिवशीच मी समजले होते. पण यांनी माझ्यासाठी एवढी खटपट केली, म्हणून म्हटलं, जेवतोय."

चहा तसाच निवत होता.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "गोळी लागल्यावर त्याच्याजवळ कोणी आलं का हो? ती बाई तरी?"

ते रीळ मी पहिल्या रविवारी पुरतं पाहिलं होतं. खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की जमलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "तिला शिपायांनी घरातच अडवून धरलं होतं."