सहा तास आणि अकरा चौकटी

इस्पितळात तिला सगळे फोनबाई म्हणत. नेत्रपेढीच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, कोपऱ्यात एक छोटा फ्रीज आणि टेबलावर काळा फोन. त्या फोनपाशी बावीस वर्षं ती बसत आली होती. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि घरच्यांना त्याचे डोळे द्यायचे असले, की हा फोन वाजायचा. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत डोळे काढले तर उपयोग, नाहीतर सगळं मुसळ केरात.

फोन ठेवला की तिचं चक्र फिरायला लागे. डोळे काढायला जाणारी डॉक्टर निरोप वाचत नाही, तिला फोनच लागतो. ड्रायव्हर पहिल्या खेपेला कधीच उचलत नाही, दोन मिनिटांनी पुन्हा लावायचा. घरच्यांना सांगायचं की पंखा बंद करा, पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. आणि हे सांगताना आवाज चढू द्यायचा नाही, पण फार मऊही करायचा नाही, नाहीतर समोरचं माणूस रडायला लागतं आणि पत्ता सांगायचा राहतो. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं तिच्या डोक्यात.

मग एका उन्हाळ्यात ती तापाने दोन दिवस घरी राहिली. तिच्या जागी बसलेल्या कारकुनाने आलेला फोन नीट घेतला, ड्रायव्हरला एकदा फोन केला, त्याने उचलला नाही, म्हणून ‘ड्रायव्हर लागत नाही’ अशी चिठ्ठी लिहून टेबलावर चिकटवली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. तिसऱ्या दिवशी तिने ती चिठ्ठी वाचली आणि त्या घरी फोन केला. गेलेल्या बाईंचा मुलगा बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“आम्ही संध्याकाळपर्यंत पंखा बंद ठेवून बसलो होतो ताई,” तो म्हणाला. “वाटलं, येतील.”

त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच घेतलं. आपण असू नसू, पुन्हा कुठलं घर असं वाट बघत बसता कामा नये.

वाट दाखवली ती नणंदेने. नणंद शाळेत शिक्षिका. गैरहजर मुलांच्या आईवडिलांना आपोआप निरोप जाईल असं एक ॲप तिने स्वतः बनवलं होतं, आणि ते बनवायचं साधन इस्पितळाच्या कॉम्प्युटरवरही होतं. मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. चाचणीत एकदा जरी चुकलं, तरी खऱ्या फोनला हात लावायचा नाही.

“कोड लिहावा लागतो ना वन्सं? मला साधी वेलांटी धड येत नाही.”

“एक अक्षर लिहायचं नाही, वहिनी. हे बघ.” नणंदेने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “डावीकडे ‘हे घडलं की’. उजवीकडे ‘हे करायचं’. चौकट ओढायची, सोडायची, मध्ये बाण जोडायचा. झालं.”

“आणि बघतं कोण?”

“काय बघतं?”

“घडलं ते. कुणीतरी लक्ष ठेवून असेल ना, म्हणून तर पुढचं होतं.”

“कुणी नसतं गं. घडलं की होतं.”

हे काही तिला पटलं नाही. तिने एक बटण बनवलं, त्याला एक चौकट जोडली. बटण दाबलं की आपल्या मोबाइलवर ‘हो’ असा निरोप यावा. तिने बटण दाबलं. स्वयंपाकघरात, ओट्यावर ठेवलेल्या पर्समध्ये, मोबाइल गुरगुरला. तिथे कुणी नव्हतं. ती उठून बघून आली. परत येऊन बटण दाबलं. पुन्हा गुरगुर. सात वेळा तिने ते केलं, आणि सातही वेळा अंगावर काटा आला.

“पुरे आता,” नणंद म्हणाली. “तुझं होईपर्यंत माझा चहा गार झाला.”

पुढचे तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने चौकटी ओढायची. आलेल्या फोनची नवी नोंद जतन झाली की डॉक्टरला फोन. सोबत घरच्यांना सूचना. ड्रायव्हरला फोन, उत्तर नाही आलं तर दोन मिनिटं थांबून पुन्हा, तरीही नाही तर दुसऱ्या ड्रायव्हरला. चार तास उलटले आणि कुणी पोचलं नाही, तर थेट मोठ्या डॉक्टरांना. या आपोआप लागणाऱ्या फोनमध्ये बोलायला आवाज कुणाचा, हा प्रश्न आला तेव्हा नणंदेने तिलाच कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोलायला लावलं. बाहेरचा आवाज येत नाही म्हणे. साड्यांच्या घड्यांना उद्देशून तिने सांगितलं, “पापण्या मिटवा. डोक्याखाली उशी द्या. आमची माणसं निघाली आहेत.”

सगळं मिळून अकरा चौकटी झाल्या. बावीस वर्षं अकरा चौकटींत मावली, याचं तिला आधी वाईट वाटलं. मग ती एकेक चौकट उघडून बघायला लागली. ही दोन मिनिटं ड्रायव्हरच्या बहिरेपणाची. हा फोन डॉक्टरच्या हट्टाचा. चार तासांची ही अट त्या मुलाची. आपल्याला एवढं माहीत होतं? आणि आपण समजत होतो की आपण नुसते फोन उचलतो!

चाचणीच्या दिवशी मोठे डॉक्टर मागे हाताची घडी घालून उभे. खोटी नोंद करायची तर नाव कुणाचं घालायचं? दुसऱ्याचं घालणं तिला अशुभ वाटलं. तिने गेलेल्या माणसाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं, जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात नवऱ्याचा नंबर, आणि ‘जतन करा’ दाबलं.

डॉक्टरचा फोन वाजला. खालच्या अंगणात ड्रायव्हरने दुसऱ्या खेपेला उचलला आणि तिच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी भांडू लागला, “अहो ताई, जेवतोय! ऐकून तर घ्या!” खिडकीतून ते ऐकू आलं आणि मोठे डॉक्टरही हसले.

पंधराव्या मिनिटाला दार धाडकन उघडलं. दारात तिचा नवरा. त्याचं शिवणकामाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, एका बाहीला टाचण्या, तोंडाला कोरड.

“तू... तू बसली आहेस!”

“मग काय करू? अहो, झालं काय?”

त्याने मोबाइल पुढे केला. पंखा बंद करा, पापण्या मिटवा. आणि त्याखाली, ‘आपल्या दुःखाच्या प्रसंगी आपण नेत्रदान केलेत, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.’ मधल्या ओळीत तिचं संपूर्ण नाव.

“फोन करायचा की नाही आधी!” ती ओरडली.

“केला, निरोप आला त्याच नंबरावर! तुझाच आवाज आला, उशी द्या म्हणून!” तो स्टुलावर बसला. तिने पाण्याचा ग्लास दिला, तो त्याच्या हातात राहीना, म्हणून तिनेच धरला.

सूचनांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं आभाराचं पत्र. बावीस वर्षं ती फोन घेतानाच पाकिटावर पत्ता लिहून, पत्रावर नाव घालून ते ड्रॉवरमध्ये टाकत असे, कारण पत्ता तेव्हा ताजा असतो. डोळे आले की पत्र टपालात. तीच सवय तिने चौकटीत उतरवली होती, तिसऱ्या नंबरला. कागदाला ड्रॉवर होता. इथे ड्रॉवर नव्हता. सांगितलं, आणि लगेच झालं. खरं घर असतं, तर डोळे काढायच्या आधीच त्यांचे आभार मानून मोकळे झालो असतो.

“चुकलं,” मोठे डॉक्टर म्हणाले. अट त्यांच्या लक्षात होती, तिच्याही. “बंद करायचं का?”

तिने नवऱ्याकडे बघितलं. ग्लास अजून तिच्याच हातात होता.

“एक चौकट हलवायची आहे, सर. मग पुन्हा माझंच नाव घालते.”

“पुन्हा?” नवरा म्हणाला.

“तुम्ही इथेच बसा म्हणजे झालं.”

तिने आभाराची चौकट ओढून शेवटाला नेली आणि तिचं ‘हे घडलं की’ बदललं. ‘नोंद जतन झाली की’ काढून ‘डॉक्टरने डोळे मिळाले असं दाबलं की’ केलं. त्या दुपारी तिने स्वतःला आणखी पाच वेळा मारलं. पाचही वेळा सगळं नीट झालं. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. संध्याकाळी नणंदेला कळलं तेव्हा ती हसून हसून आडवी झाली. “दादा धावत आला? वहिनी, लग्नाला तो एक तास उशिरा आला होता, आठवतंय ना?”

दीड महिन्याने, भर दुपारी, ती दातांच्या डॉक्टरकडे अक्कलदाढ काढायला बसली होती. अर्धं तोंड बधिर, आत कापसाचे बोळे, मांडीवर मोबाइल. तो थरथरला. प्रत्येक टप्प्याला तिलाही येणारा ॲपचा निरोप: ‘नवी नोंद.’

टेबलापाशी आज तोच चिठ्ठीवाला कारकून होता.

‘डॉक्टर: फोन घेतला.’ ‘घरच्यांना सूचना: ऐकल्या.’ ‘ड्रायव्हर: उत्तर नाही.’

ती खुर्चीतून अर्धी उठली. “बाई, हलू नका!” दातांची डॉक्टर ओरडली. तिने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसता घरघराट निघाला. फोन लावला तरी बोलणार काय? डोळे स्क्रीनवर लावून ती पडून राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं.

‘ड्रायव्हर: निघालो.’

तिला तेव्हा कळलं की आपण इथे तोंडात बोळे घेऊन मुक्या पडलो आहोत आणि तिकडे, ज्या घराचा जिनासुद्धा आपण पाहिलेला नाही, त्या घरात आत्ताच आपला आवाज बोलून गेला. कुणीतरी तो ऐकून उशी शोधायला गेलं असेल. आपण न सांगता आपण सांगितलं. देवळात कधी भरून आलं नव्हतं एवढं तिला त्या चामड्याच्या खुर्चीत भरून आलं.

दाढ निघाली. रक्त थांबेपर्यंत बाहेर बसा म्हणाले, म्हणून ती बाकावर बसली. ‘डॉक्टर पोचली.’ त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. ते काम आता तिचं नव्हतं, आणि तरी प्रत्येक मिनिट तिच्या अंगावरून चालत होतं.

मग मोबाइल थरथरला. ‘डोळे मिळाले: दोन. मृत्यूनंतर तीन तास चाळीस मिनिटं.’

कोण गेलं, बाई की पुरुष, घरात कोण रडत होतं, तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

काउंटरवरची मुलगी धावत आली. “खूप दुखतंय का मावशी? गोळी देऊ?”

तिने मान हलवली, आणि बोलता येईना म्हणून मोबाइल पुढे केला.

मुलीने वाचलं. पुन्हा वाचलं. “डोळे?” ती म्हणाली. “अहो मावशी, तुम्ही तर दाढ काढायला आलात ना!”